पाठीवरचा हात

सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी एक वसतिगृह सुरू झाले. गावोगावच्या अस्पृश्य समाजातील जी मुले हायस्कूलपर्यंत पोहोचली होती, परंतु ज्यांना शहरात डोके टेकायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी ते होते. राहणे, जेवण, कपडे, लेखनसाहित्य यांचा भार बहिष्कृत हितकारिणी सभेने उचलला होता. सभेची स्थापना २० जुलै १९२४ ची. म्हणजे संस्था अवघी साडेपाच महिन्यांची असताना तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत हे काम होते, आणि ते आपल्या सोलापुरात होते. संस्थेचे प्रवर्तक डॉ. भीमराव रामजी आंबेडकर तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. वकिली नुकतीच सुरू झालेली, परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार, आणि महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे पुढे.

इतक्या आरंभीच वसतिगृह कशासाठी, हा प्रश्न आमच्या मनात अनेकदा येऊन गेला. शिक्षणाचा प्रसार हे त्याचे सरळ उत्तर आहे व ते खरेही आहे. परंतु मुलांच्या सहवासात वसतिगृहातच ज्यांची वर्षे गेली, त्या आम्हा मंडळींना त्या उत्तराच्या पाठीमागे आणखी काही दिसते. दर जूनमध्ये आपल्या शाळेत नवी मुले येतात. बरोबर पत्र्याची पेटी, नवी सतरंजी आणि आईने बांधून दिलेली शेंगाची चटणी. दिवस कसाबसा सरतो. दिवे मालवल्यावर मात्र एखाद्या कॉटवरून दाबून धरलेले हुंदके ऐकू येतात. त्या घटकेला त्या मुलाला आमचा उपदेश नको असतो. शेजारच्या कॉटवरचा दोन वर्षांनी मोठा मुलगा उठून त्याच्यापाशी येऊन बसला, की थोड्या वेळाने दोघेही झोपी जातात. ही स्मरणिका वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांनी ही दोन्ही कामे केलेली आहेत. आधी रडण्याचे आणि मग शेजारी जाऊन बसण्याचे.

बाबासाहेबांचे चरित्र आम्ही पुन्हा वाचावयास घेतले ते ही गोष्ट मनात ठेवून. जयंतीच्या व्यासपीठावरून आपण त्यांना एकट्याने झुंजलेला महापुरुष म्हणतो. आम्हीही ते अनेकदा म्हटले आहे. त्यांची बुद्धी आणि त्यांचे परिश्रम त्यांचेच होते, यात शंका नाही. पण चरित्राची पाने सावकाश उलटत गेलो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी त्यांच्या पाठीशी उभे असलेले आढळले. आणि जेथे तसे कोणीच नव्हते, तेथे त्यांच्या मनाची काय अवस्था झाली, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. साताऱ्यास बिऱ्हाड असताना, ते पाच-सहा वर्षांचे होते तेव्हा, आई गेली. आईवाचून पोरका झालेला हा मुलगा आत्या मीराबाईंच्या पदराखाली वाढला. मीराबाई पाठीने अधू होत्या. घरातले सगळे त्याच पाहत आणि या धाकट्या भाच्यावर त्यांचा विशेष जीव होता. शाळेतही दोन माणसे भेटली. आंबेडकर नावाचे गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या जेवणातील भाकरी-भाजी त्याला देत. त्यांचेच आडनाव पुढे त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. पेंडसे नावाच्या दुसऱ्या शिक्षकांनी पावसात चिंब भिजून आलेल्या या मुलाला आपल्या घरी पाठवून कोरडे कपडे देवविले. त्याच शाळेत तो वर्गात वेगळा बसत होता, पाणी दुसऱ्याने वरून ओतल्याशिवाय पिऊ शकत नव्हता. अपमान करणारी व्यवस्था आणि भाकरी देणारा हात, दोन्ही एकाच छपराखाली होते. मुलाच्या मनात यांपैकी काय खोल रुतते, हे सांगणे अवघड आहे. बाबासाहेबांच्या मनात दोन्ही राहिले, एवढे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते.

नऊ वर्षांचे असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी ते भाऊ व भाचे यांच्यासह मसूर स्टेशनावर उतरले, ती हकीकत आपल्याकडील बहुतेक मुलांना ठाऊक असते. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल करून, बैलगाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर, एक गाडीवान कसाबसा तयार झाला. जवळ अन्न होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही, आणि पाण्यावाचून अन्नही पोटात गेले नाही. ती रात्र ते कधीही विसरले नाहीत. आमच्या मनात येते ते इतकेच, की ती मुले चौघे होती आणि गोरेगावात त्यांची वाट पाहणारे वडील होते.

त्या वडिलांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. मुंबईत डबक चाळीतली एकच खोली. तिच्यात स्वयंपाक, सरपण, जाते, शेळी आणि सारे कुटुंब. रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि स्वतः जागे राहून मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवीत, म्हणजे त्याला शांतता मिळे. मुलाला पुस्तक हवे असले आणि खिसा रिकामा असला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने पैसे मागत; पैसे नसले तर एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आले की सोडवून परत करीत. त्या बहिणींचे नाव कोणत्याही सभेत घेतले जात नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचे आपण कौतुक करतो, त्याच्या पायाशी दोन बहिणींचे गहाण पडलेले दागिने आहेत.

चर्नी रोडच्या बागेत बसून पुस्तक वाचणारा हा विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडला, तेथून त्याला आणखी एक आधार मिळाला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे पैशांअभावी कॉलेज सुटण्याची वेळ आली, तेव्हा गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजी जातीने वेगळे, वयाने वडील, परिचय केवळ बागेतला. मदतीला नाते लागतेच असे नाही.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजी मुलाच्या वाटेकडेच डोळे लावून होते. त्यांनी थरथरता हात मुलाच्या पाठीवरून फिरवला आणि काही वेळातच प्राण सोडला. या लेखाला आम्ही जे नाव दिले आहे, ते त्या हाताचे.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठातील दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एकच नाव घेतो. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हे पारशी तरुण भेटले. वसतिगृहातील ही मैत्री आयुष्यभर टिकली. अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या साहाय्याबरोबर भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये त्यांच्या गाठीशी होते. त्या काळचे पाच हजार! वसतिगृहात एका ताटात जेवलेली मुले पुढे एकमेकांच्या अडीअडचणीला धावतात, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको.

आता बडोद्याचे ते अकरा दिवस.

१९१७ च्या सप्टेंबरात शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोदे संस्थानच्या सेवेत हजर झाले. अमेरिका आणि इंग्लंड येथे राहून आलेल्या या पंडिताला शहरात खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, रखवालदाराच्या संमतीने, वहीत पारशी नाव लिहून, रोज दीड रुपया भाड्याने त्यांनी आसरा घेतला. वरच्या मजल्यावर ते एकटेच. पाठीमागे मोडक्यातोडक्या सामानाने भरलेले अंधारे दालन, विजेचा दिवा नाही, कंदिलाचा मिणमिणता उजेड, वटवाघळांची फडफड. कचेरीतला दिवस कसातरी जाई. रात्र खायला उठे. कोणीतरी बोलायला हवे, कोणाही माणसाचा सहवास हवा, या इच्छेने जीव तळमळत असे. तेथे कोणी नव्हते म्हणून ते पुस्तकांत बुडून जात आणि काही नाही तरी डोक्यावर छप्पर आहे, असे मनाला समजावीत. उरलेले सामान पोहोचवायला बहिणीचा मुलगा मुंबईहून आला, तो मामाची ती अवस्था पाहून इतका मोठ्याने रडू लागला की त्याला तात्काळ परत पाठवावे लागले. हे सारे त्यांनी आत्मकथनात नोंदवले आहे.

आम्ही हा प्रसंग वाचताना त्या भाच्यापाशी थांबतो. अकरा दिवसांत त्यांच्यासाठी रडणारे एकच माणूस त्या जागी आले होते, आणि त्यालाही ठेवून घेता येत नव्हते, कारण ठेवले असते तर बिंग फुटले असते.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करून ते बाहेर पडले आणि दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने पत्नीवर निर्णय सोपवला. दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच होता. दुपारचे चार वाजले होते, मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. आईवडिलांच्या आठवणीने, आपल्या अवस्थेच्या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेला माणूस बाकावर बसून रडत होता. त्या शहरात त्याच्या पाठीवर हात ठेवणारे कोणी नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या दोन मित्रांना दुष्ट ठरवून आपली सुटका होत नाही. मित्राला घरात घ्यावे असे त्यांना कदाचित वाटलेही असेल. जातीच्या भयापुढे ती इच्छा टिकली नाही. अस्पृश्यता म्हणजे पाणी न देणे, स्पर्श न करणे, एवढेच आपण सहसा सांगतो. बडोद्यात ती आणखी एक काम करीत होती. ती माणसाची माणसे तोडत होती. म्हणून कोणी दुःखी जीवाला मायेचा आधार दिला की पुरे झाले, हक्कांची लढाई नको, असे या लेखातून कोणी काढील तर ते आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांना तर ते मुळीच मान्य झाले नसते.

पुढची काही वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले ‘मूकनायक’, त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद आणि शाहू महाराजांची भक्कम साथ, नंतर पुन्हा लंडन. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसणे आणि रात्री दहाच्या सुमारास पोटात आग पडली की ओळखीच्या कोणी दिलेले पापड पत्र्यावर भाजून खाणे. इकडे मुंबईत माता रमाई काटकसरीने घर चालवीत होत्या. घरात विधवा जाऊ लक्ष्मीबाई होत्या, पुतण्या मुकुंद होता. सीताराम नामदेव शिवतरकरांसारखे सहकारी कुटुंबाची विचारपूस करीत. घरच्या माणसांना कोणी पाहते आहे, हा भरवसा परदेशात अभ्यास करणाऱ्याला किती मोलाचा असतो, हे ज्यांची मुले आज पुण्या-मुंबईला वा परदेशी आहेत, त्या पालकांनी उलट बाजूने ताडून पाहावे.

घरात मात्र मृत्यू पुनःपुन्हा येत राहिला. गंगाधर, रमेश, इंदू ही बाळे गेली. उरला यशवंत, आणि सर्वांत धाकटा राजरत्न. हा राजरत्न बापाचा अतिशय लाडका. १९ जुलै १९२६ रोजी तोही गेला. महिनाभराने बाबासाहेबांनी कोल्हापूरकडील सहकारी दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्या पत्रात मोठेपणाचा कोणताही आव नाही. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असे म्हणणे खोटेपणाचे होईल, सावरू असेही वाटत नाही, चार मुले आपण मातीत ठेवली, आणि आता आयुष्याची चवच गेली आहे, अशा आशयाचे ते लिहिणे आहे. राजरत्नासारखे मूल आपण पाहिले नव्हते, हेही त्यांनी सांगितले आहे.

आमच्या समाजात पुरुषाने असे पत्र लिहिणे आजही सोपे नाही. मयताच्या दारात बायका गळ्यात गळा घालून रडतात. पुरुष बाहेर तंबाखू मळत पावसापाण्याच्या गोष्टी बोलतात. बाबासाहेबांनी मन मोकळे केले, आणि मोकळे करायला दत्तोबांसारखा माणूस त्यांना होता. मनाच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे याच गोष्टीचा शोध घेतला. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठे संकट कोसळल्यावर खोल नैराश्यात कोण जाते आणि कोण तगते, हे ते पाहत होते. ज्यांना मनातले सांगायला एकही जिवाभावाचे माणूस नव्हते, त्यांना धोका अधिक आढळला. अकरा वर्षांच्या आत आई गमावलेल्यांनाही. पुढे १९८५ मध्ये शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या अमेरिकन अभ्यासकांनी तोवरचे संशोधन एकत्र करून असे मांडले, की माणसांचा आधार दोन तऱ्हांनी उपयोगी पडतो. माणसांत मिसळून असणे हे एरव्हीही मनाला हितकारक असते. आणि संकटाच्या वेळी, हवी ती मदत देणारे कोणी आहे हा विश्वास, आघाताचा जोर कमी करतो. आघात टळत नाही. राजरत्न परत आला नाही, आणि बाबासाहेबांचे दुःख त्या पत्राने संपले असे कोणी म्हणणार नाही. पण पुढच्या मार्चमध्ये, १९२७ साली, हाच पिता महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला, आणि त्याच्यासोबत हजारो माणसे उतरली.

सोलापूरच्या वसतिगृहाकडे आता परत येऊ. ज्याने मसूरची रात्र आणि कामाठी बागेतली संध्याकाळ भोगली होती, त्याने ते उघडले होते. गावात वडिलांची गावकी, बारा कामांची येसकरकी. शहरात गिरण्यांचे भोंगे आणि कोणी खोली न देणारे वाडे. अशा मुलाला हायस्कूलची फी माफ झाली तरी तो रात्री जाणार कोठे? आणि कोणाच्या आडोशाला राहिलाच, तर दिवसभर वर्गात जे सोसले ते सांगणार कोणाला? वसतिगृहात त्याला स्वतःसारखी दहा-पंधरा मुले भेटली की आपल्या वाट्याला आलेला अपमान हा आपला दोष नाही, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. पहिल्या रात्री तो ऐकतो, की शेजारच्याचेही तेच झाले. आमच्या मते वसतिगृहाच्या चार भिंतींचा हा सर्वांत मोठा उपयोग आहे, आणि अहवालांत तो कधी लिहिला जात नाही.

हे कामही एकट्याचे नव्हते. त्याआधी मे १९२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात बार्शीला बहिष्कृतांची परिषद भरली होती, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. सोलापूरच्या वसतिगृहाची जबाबदारी जिवाप्पा आयदाळे यांनी वाहिली. हेच आयदाळे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. सोलापूर नगरपालिकेनेही वसतिगृहाला अनुदान दिले. शहरातील डॉ. मुळे यांचे साहाय्य बाबासाहेब विसरले नाहीत. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले, तेव्हा आपल्या समाजकार्याच्या आरंभी मदत करणाऱ्या डॉ. मुळ्यांची त्यांनी जाहीरपणे आठवण काढली. तोवर ते देशाचे पुढारी झाले होते. गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे पडले होते. तरी मानपत्राच्या सभेत त्यांना आठवला तो जुना मदतीचा हात.

१९२८ नंतर दलितवर्ग शिक्षण संस्थेमार्फत अन्यत्रही वसतिगृहे निघाली. त्यांतल्या धारवाडच्या वसतिगृहाशी रमाईंची एक आठवण जोडलेली आहे. बळवंतराव वराळे तेथील काम पाहत. रमाई तेथे राहावयास गेल्या असताना अनुदान न आल्यामुळे मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली आणि त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या काढून दिल्या, अशी ती आठवण सांगितली जाते. स्वतःची चार मुले गमावलेली ती माउली परक्यांच्या मुलांना जेवू घालत होती. त्या मुलांनी तिला आई म्हटले, यात नवल नाही. आणि त्या हाकेने तिच्याही मनाला काही दिले असेलच. आधार देणारा आणि घेणारा यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर नसते.

रमाईंची प्रकृती खंगत गेली. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, ही त्यांची इच्छा होती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातले. पण अस्पृश्यांना तेव्हा देवळात प्रवेश नव्हता, चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे लागे. पत्नीला दारातून परत फिरावे लागेल अशा ठिकाणी पाठवायला बाबासाहेब तयार नव्हते. आपण दुसरे पंढरपूर उभे करू, असे त्यांनी तिला समजावले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते मंदिर १९४७ मध्ये खुले झाले. रमाई २७ मे १९३५ रोजीच गेल्या होत्या.

त्या मृत्यूने बाबासाहेब कोसळले. त्यांनी डोक्यावरचे केस उतरवले आणि राजगृहात ते खोली बंद करून बसू लागले. ज्या स्त्रीने आपली गैरहजेरी, आपले दारिद्र्य आणि मुलांचे मृत्यू सोसले, तिला आपण पुरेसा वेळ दिला नाही, ही खंत त्यांना जाळीत राहिली असावी. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला, त्या अर्पणपत्रिकेतील कृतज्ञता तेच सांगते. घरात वहिनी होत्या, यशवंत आणि मुकुंद होते, दाराशी कार्यकर्ते होते. जूनमध्ये सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदाचे काम त्यांच्याकडे आले. हळूहळू माणसांनी आणि कामाने त्यांना खोलीबाहेर आणले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

१९४२ पासून दिल्लीचे दिवस. पदे मोठी, बंगला मोठा, आणि जिवाभावाची माणसे दूर मुंबईला. मधुमेह, पायांच्या वेदना, निद्रानाश. दादासाहेब गायकवाडांना ते मोकळेपणाने पत्रे लिहीत. काळजी घेणारे माणूस घरात हवे, हे डॉक्टरांनी सांगितले आणि त्यांनाही ते पटले. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपण त्यांना माईसाहेब म्हणून ओळखतो. त्या विवाहावरून आणि माईसाहेबांवरून आपल्या समाजात पुढे पुष्कळ कटू बोलले गेले. आम्ही त्या वादात शिरत नाही. आजारी माणसाची रात्रंदिवस शुश्रूषा करणे हे काय असते, हे ज्यांनी केले आहे त्यांना माहीत आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी त्रिशरण उच्चारले. बुद्ध आणि धम्म यांच्यानंतरचे तिसरे शरण संघाला आहे. कल्याणमित्र लाभणे म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंदाने सुचवले, तेव्हा भगवंतांनी त्याला दुरुस्त करून ते अर्धे नसून संपूर्ण असल्याचे सांगितले, अशी कथा पाली वाङ्मयात आहे. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकच्या मुलाच्या हाती दिलेले बुद्धचरित्र आणि नागपूरचे मैदान यांच्यामध्ये जवळजवळ पन्नास वर्षे होती.

शेवटच्या वर्षात शरीर थकले होते आणि मनही खचत होते. आपल्या हयातीत काम पुरे होत नाही, या विचाराने ते कधी कधी रडत. हे आपल्याला ठाऊक आहे ते नानकचंद रत्तू यांच्यामुळे. सरकारी नोकरी सांभाळून हे रत्तू रोज अलीपूर रोडच्या बंगल्यावर येत आणि बाबासाहेबांचे टंकलेखन करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी बाबासाहेबांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावले. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते. बऱ्याच उशिरा रत्तू घरी जाण्यास निघाले आणि फाटकापर्यंत पोहोचले, तोच त्यांना परत बोलावणे आले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद बाबासाहेबांना उशाशी हवे होते. रत्तूंनी ते मेजावर आणून ठेवले आणि ते निघाले. सकाळी बाबासाहेब उठले नाहीत.

त्या ग्रंथासाठी त्याच वर्षी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पत्नी आणि डॉ. माधवराव मालवणकर यांचे, त्यांनी आपल्याला जगवले म्हणून, आभार मानले होते. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.